सतरा नंबरच्या आत्या

परीक्षा या गोष्टीचा माझ्या बायकोच्या आत्यांइतका तिरस्कार अख्ख्या अंबरनाथमध्ये कुणी केला नसेल, आणि उठल्यासुटल्या लोकांच्या परीक्षा घेण्याची खोडही त्यांच्याइतकी कुणाला नसेल. यजमान कारखान्यात अधिकारी होते. ते गेल्यापासून आत्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. दहावीला त्या गणितात नापास झाल्या, पाठोपाठ लग्न झालं आणि प्रकरण तिथेच मिटलं. ही गोष्ट त्या लपवत नाहीत. उलट ओळख करून देताना नावाच्याही आधी सांगतात. "तीन तासांत माणूस कळतो होय? आमचे हे मला जन्मभरात कळले नाहीत," असं वर ऐकवतात.

त्यांच्या मते माणसाची अक्कल मार्कशीटवर नसते, हातात असते. त्यामुळे लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चहाच्या आधी माझ्यासमोर गुंतलेल्या लोकरीचा गुंडा आला. मी थोडा वेळ झटापट केली आणि कात्री मागितली. "हुशार आहेत," आत्या माझ्या होणाऱ्या बायकोला म्हणाल्या, "पण सांभाळून राहा." बदलापूरचा एक भाचा दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवून पेढे घेऊन आला, तर त्याला त्यांनी पाय धुवायचीही सवड न देता वांगी आणायला पिटाळलं. मग त्याने आणलेलं एकेक वांगं त्याच्या आईच्या देखत चिरलं आणि किडकी वांगी वेगळी मांडून दाखवली. ती माउली पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती. उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला गेलो, तेव्हा सिंधी दुकानदार बिचारा सवयीने म्हणाला, "माताजी, एकदम फर्स्ट क्लास माल है." "फर्स्ट क्लास रहने दो," आत्या म्हणाल्या. "धुने के बाद पास होगा क्या, वो बोलो."

त्यांच्या असल्या सगळ्या परीक्षांत पहिली आलेली एकच व्यक्ती म्हणजे खालच्या मजल्यावरची प्राची. तिने आत्यांचा बंद पडलेला मिक्सर उघडून चालू केला होता, आणि लोकरीचा गुंता तर बोलता बोलता सोडवला होता. "ही पोरगी कुठच्या कुठे जाणार," असं आत्या जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. तीच प्राची दहावीला गणितात नापास झाली. खोलीचं दार लावून बसली, नीट जेवेना, पुन्हा परीक्षेला बसणार नाही म्हणाली. आत्या शिऱ्याचा डबा घेऊन तिची समजूत घालायला खाली गेल्या. मी त्या दिवशी आलेलो होतो, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"अगं, त्या पेपराला काय अक्कल असते?" आत्यांनी सुरुवात केली. "मी नाही का नापास झाले? काय बिघडलं माझं?"

"तुम्ही परत बसलाच नाहीत ना, आत्या?" प्राची म्हणाली. "घाबरलात. आणि मग परीक्षेलाच नावं ठेवत राहिलात."

तिची आई ओरडली, "प्राची!" आत्यांनी मात्र डबा टेबलावर ठेवला आणि त्या जिना चढून वर आल्या. चहासुद्धा केला नाही.

आठवड्याभराने मला फोन आला. "जावईबापू, तो सतरा नंबरचा फॉर्म कसा भरतात हो?" शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. मी म्हटलं, प्राचीला त्याची गरज नाही, तिला शाळेतूनच बसता येईल. "तिच्यासाठी कुठे? मला हवाय," आत्या म्हणाल्या. फॉर्म भरून झाल्यावर त्या पुन्हा खाली गेल्या आणि प्राचीला म्हणाल्या, "मी बसतेय. पण गणित मला एकटीला उमजायचं नाही. तू रोज सकाळी वर ये."

सुरुवातीला ती भिडेखातर जायची. मग दोघींची भांडणं जिन्यापर्यंत ऐकू येऊ लागली. "एक्सची किंमत काढा म्हणे! ज्याने लपवली त्याने सांगावी की!" हा आवाज आत्यांचा. "अहो, तो पलीकडे गेला की चिन्ह बदलतं!" हा प्राचीचा. एकच गणित आत्यांना चार तऱ्हांनी समजावता समजावता प्राचीला ते पक्कं होत गेलं. कधीतरी आत्या डोकं धरून बसल्या की तीच शिरा करून द्यायची.

मार्चमध्ये योगायोगाने दोघींचं केंद्र एकच आलं. फाटकावरच्या शिपायाने आत्यांना अडवलं. "आजी, पालकांनी बाहेर थांबायचं." आत्यांनी हॉल तिकीट दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हे काय, बाहेरच थांबलेत पालक." पाण्याची बाटली धरून मी खरोखरच उन्हात उभा होतो. गणिताच्या दिवशी मात्र त्या बाहेर आल्या त्या घामाने निथळत. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "सगळी गणितं ओळखीची होती हो. पण एकेक तोंड फिरवून बसलं होतं." मग जरा वेळाने प्राचीचा हात धरून हळूच म्हणाल्या, "खरं बोलली होतीस तू. घाबरलेच होते मी तेव्हा."

निकाल माझ्या मोबाइलवर पाहिला. प्राची पास झाली होती. आत्या मराठीत उत्तम, इतिहासात बऱ्या आणि गणितात पुन्हा नापास. प्राचीला रडूच फुटलं. "तुम्हाला येत होतं सगळं! चुकीचा आहे हा निकाल!" आम्ही सगळे आत्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो, आता परीक्षेची सालटी निघणार याची खात्रीच होती.

"नाही गं," आत्या म्हणाल्या. "मला गणित येत नाही, एवढंच त्यात लिहिलंय. ते बरोबरच आहे. बाकीचं त्यांनी विचारलंच कुठे?" आणि त्यांनी तिचे डोळे आपल्या पदराने पुसले.

प्राची आता उल्हासनगरला कॉलेजला जाते, सकाळी लवकर निघते. परवा सहज आत्यांकडे गेलो, तर त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मी आपला धीर द्यायचा म्हणून म्हटलं, एकच विषय राहिलाय, पुढच्या वेळी देऊन टाका. त्यांनी मान हलवली.

"नापास झाल्याचं काही नाही हो, जावईबापू," त्या खाली रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "पण सकाळची बेल वाजत नाही आता."