उडती मोटार आणि तीन शिट्ट्या

मुलगा लहानपणी बघायचा ते जुनं कार्टून त्याने परवा सीडीवर आणलं. म्हणाला, "आई, बस. सगळे मिळून बघू." त्यात पुढच्या काळातलं कुटुंब आहे. मोटार आभाळात उडते, बटण दाबलं की ताटात जेवण पडतं. बटण दाबते मात्र बाईच. नवरा तिथेही घरी आला की खुर्चीत पसरतो.

सगळे मिळून म्हणजे मी आणि तो. सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, "आई, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की सांगा हो!"

चित्र काढणाऱ्याला ढगात घरं सुचली, पण निवांत बसलेली बाई काही सुचली नाही. मी जन्मभर शिट्ट्या मोजल्या. पाहुण्यांशी बोलताना मोजल्या, तापाने पडले तेव्हाही अंथरुणातून मोजल्या.

चौथी शिट्टी झाली.

"आई, किती झाल्या गं?" मुलाने विचारलं.

"मी कार्टून बघतेय. तुझ्या कानांना काय झालंय?"

पाचवीला तो उठला. सून धावत आली, तिला मी हात धरून शेजारी बसवलं. आतून आवाज आला, "आई, यातलं कुठलं बटण?"

आमच्या शेगडीला दोनच बटणं आहेत.