यशवंतपूरच्या कारखान्यातले सगळे अण्णा

"कारखान्याची वाटणी कशी करायची, तेवढं सांगा," विठ्ठलराव म्हणाले. "बाकी सल्ला नको."

"सरी, ठीक आहे. मलाही तेवढंच हवंय," गणपतराव म्हणाले.

दोघे सख्खे भाऊ. एकाच टेबलाशी बसले होते, पण एकाचं तोंड खिडकीकडे आणि दुसऱ्याचं दाराकडे. मध्ये मी, नवी फाईल घेऊन. बेंगळुरातली ही माझी पहिली स्वतंत्र असाइनमेंट. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

त्यांचा यशवंतपूरला पत्र्याच्या ट्रंका करायचा कारखाना होता. घराणं मराठी, पण तीन पिढ्या इकडेच. घरी मराठी, कारखान्यात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. भांडणाचं कारण साधं होतं. एका हॉस्टेलने राखाडी ट्रंका मागवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या काळ्या रंगून गेल्या आणि सगळा माल परत आला. विठ्ठलरावांना खात्री होती की धाकट्याने परस्पर रंग बदलला. धाकट्याला खात्री होती की थोरल्याने स्वतःच बदलला आणि आता खापर आपल्यावर फोडतोय. हॉस्टेलने आणखी एक संधी दिली होती. पण दोघांनी ठरवलं होतं, एवढी ऑर्डर पुरी करायची आणि वेगळं व्हायचं.

तेव्हा 'कन्सल्टंट' म्हटलं की लोकांना डॉक्टर वाटे. निपाणीला माझी आई शेजारणींना सांगायची, "आमचा बाळू दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन काय चुकतं ते सांगतो. त्याचा पगार देतात त्याला." शेजारणी म्हणायच्या, "आमच्या सासूबाई तर हे फुकट करतात." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे ही नोकरी टिकवायची आणि ज्यांनी शिकवलं त्यांना खाली बघायला लावायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात असे.

आमचे साहेब रामचंद्रन यांचा एक नियम होता. "पाटील, फर्स्ट ड्रॉ द चार्ट. देन ओपन युअर माऊथ." चार्ट म्हणजे ऑर्गनायझेशन चार्ट. कोण कोणाला हुकूम देतो, हे चौकोन आणि रेघांनी काढायचं. वंशावळ काढतात ना, तशीच. फक्त इथे बाप-मुलगा नसतो, साहेब आणि हाताखालचा माणूस असतो.

मी कारखान्यात फिरलो. माणसामाणसाला विचारलं.

"पत्रा किती जाड घ्यायचा, हे कोण ठरवतं?"

"अण्णा."

"माल कधी पाठवायचा?"

"अण्णा."

"सुट्टी कोण देतं?"

"अण्णाच की!"

मी खूश. इतका सोपा चार्ट आमच्या ऑफिसात कोणी काढला नसेल. आमच्या घरी अण्णा एकच होते, वडिलांचे थोरले भाऊ. ते खोकले तरी घर गप्प व्हायचं. म्हणून मी वरच्या चौकोनात 'विठ्ठलराव' लिहिलं आणि सगळ्या रेघा तिकडे नेल्या.

रामचंद्रन साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "सगळं एकच माणूस ठरवतो?"

"हो सर."

"मग भांडण कुणाशी? आरशाशी? गो बॅक, पाटील."

मी परत गेलो. तोवर कामगारांची माझी ओळख झाली होती. जाता-येता 'नमस्कार अण्णा' म्हणत, आणि मला ते आवडायचं. पेंटिंगच्या शेडमध्ये रंगप्पा होता, मिशीला कायम कुठला तरी रंग लागलेला. हॉस्टेलच्या ट्रंका बाजूला रांगेत होत्या, रंग लागायच्या बाकी. त्याने एका झाकणावर हिरवा रंग लावून ते माझ्यासमोर धरलं. गार, तजेलदार, कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवा.

"हे सरी का, अण्णा?"

"सरी, सरी. चेन्नागिदे," मी म्हणालो. छान आहे, असं. आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी फाटकातून आत शिरलो तर आरडाओरडा. अंगणात सगळ्या ट्रंका उन्हात वाळत होत्या. हिरव्यागार.

"बघा! बघा, पाटील!" विठ्ठलराव ओरडत होते. "राखाडी सांगितलं होतं मी! आता हॉस्टेलवाला दारात उभं करणार नाही. हा गणपा मुद्दाम करतोय!"

"मी? मी काल इकडे फिरकलोही नाही!"

"मग कोणी सांगितलं?"

रंगप्पा ब्रश हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "अण्णा हेळिदरु." अण्णांनी सांगितलं.

"कुठल्या अण्णांनी?"

ब्रश वर उचलला गेला. विठ्ठलरावांवरून सरकला, गणपतरावांवरून सरकला आणि माझ्या पांढऱ्या शर्टासमोर थांबला.

"हे अण्णा. सरी म्हणाले. चेन्नागिदे म्हणाले."

मला निपाणीची एसटी दिसू लागली. दोघा भावांनी माझ्याकडे पाहिलं. मग विठ्ठलरावांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"थांब रंगप्पा, स्वल्प थांब. मागच्या खेपेला काळा रंग सांगितला, ते कुठले अण्णा?"

"ते? लॉरीचे अण्णा. काळ्यावर ओरखडा दिसत नाही, काळाच सरी, म्हणाले."

लॉरीचा ड्रायव्हर! ट्रंका वाहणारा! कन्नडमध्ये भेटेल तो पुरुष अण्णाच, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. मग गणपतराव थोरल्या भावाकडे वळले.

"म्हणजे ते तुम्ही नव्हता, अण्णा?"

'अण्णा' ऐकताच रंगप्पाच्या शेडमधून एक डोकं बाहेर आलं. फाटकातल्या लॉरीतून ड्रायव्हरने मान काढली. कॅशियरने खिडकी उघडली. आणि सांगायला लाज वाटते, "हां?" म्हणून मीही पुढे झालो.

विठ्ठलराव आधी हसले. मग गणपतराव. मग अख्खं अंगण. विठ्ठलराव एका ट्रंकेला टेकले आणि धोतराला मागून हिरवा पट्टा लागला. ते पाहून गणपतराव खालीच बसले.

त्या दिवशी दोघा भावांनी बाह्या वर केल्या आणि रंगप्पाबरोबर हिरव्यावर राखाडी हात मारायला घेतला. "गणपा, कोपरा राहिला." "तुमचाच राहिलाय, अण्णा." कित्येक महिन्यांत ते एकमेकांशी इतकं बोलले नव्हते. ऑर्डर वेळेत गेली. रंग दुहेरी बसल्यामुळे हॉस्टेलवाल्याने फिनिशिंगचं कौतुक केलं. ओरखडा पडला की आत हिरवं दिसतं, हे त्याला नंतर कळलं असेल.

चार्ट मी नव्याने काढला. पत्रा आणि बांधणी विठ्ठलरावांकडे, रंग आणि पाठवणी गणपतरावांकडे. वाटणी झालीच, पण कामाची झाली. प्रश्न उरला नावांचा. मालकांना नावाने हाक मारायला कामगार तयार नव्हते. मी 'दोड्डण्णा' आणि 'चिक्कण्णा', म्हणजे थोरले आणि धाकटे, असं सुचवलं.

"चाळिशीत मला चिक्कण्णा म्हणणार?" गणपतराव उखडले.

शेवटी रंगप्पानेच तोडगा काढला. 'पत्रा अण्णा' आणि 'रंग अण्णा'. तीच नावं मी रिपोर्टमध्ये टाइप केली. रामचंद्रन साहेबांनी ती खोडली नाहीत. फक्त समासात लिहिलं, "डेझिग्नेशन्स क्लिअर."

निरोपाच्या दिवशी भावांनी मला एक ट्रंक भेट दिली. मुद्दाम हिरवी ठेवलेली. झाकणावर रंगप्पाने पांढऱ्या कन्नड अक्षरांत माझं डेझिग्नेशन लिहिलं होतं : 'सुम्मने अण्णा'. सुम्मने म्हणजे उगाच.

पुढे मी पुष्कळ कारखाने पाहिले, पुष्कळ चार्ट काढले. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कोणी केलं नाही. ट्रंक अजून घरी आहे. आणि तेव्हापासून क्लायंटच्या कारखान्यात मी कॉफीखेरीज कशालाही छान म्हणत नाही.