बुचाला बांधलेली ट्यूब

"वायूला वाट द्या, न्हाईतर तो भिंत फोडून जातो," असं रत्नदीप गोठ्यागोठ्यातून सांगत फिरायचा. कृत्रिम रेतनानं गाई भरवणाऱ्या या माणसाला सगळे डाक्टर म्हणत. वळूचं वीर्य तो द्रव नायट्रोजनच्या टाकीत, बर्फाहून कितीतरी थंड ठेवायचा. ऊब लागून त्या द्रवाचा वायू झाला, की एका लिटरचे सातशे लिटर होतात. म्हणून टाकीचं बूच कायम सैल.

२००३ च्या मे महिन्यात पारगावजवळच्या वस्तीवर, धर्माजीच्या गोठ्यात टाकी ठेवून तो सकाळी पुढच्या गावाला गेला. उन्हं कलताना मोटारसायकलवरून परतला, तर बुचावर सायकलची ट्यूब करकचून आवळलेली, वरून कणकेचा लेप. शेजारी धर्माजीची बायको साळुबाई धार काढत बसलेली.

"निस्ता धूर वाया चालला व्हता," धर्माजी दारातून म्हणाला. "दुधाच्या कॅनवानी बांधलं, राव!"

टाकी आतून करकरत होती. रत्नदीपनं साळुबाईचा दंड धरला आणि तिला फरफटत बाहेर काढलं. बादली लवंडली.

"माझ्या बायकूला हात लावतो व्हय रं?" धर्माजीची काठी त्याच्या पाठीत बसली, मग डोक्यात. रत्नदीपनं दंड सोडला नाही. तिला बांधाआड ढकलून तो पुढं आडवा झाला.

तेवढ्यात टाकी फुटली. पत्रे उडाले. पोट फाटलेली गाय जागीच कोसळली.

धर्माजीच्या हातातली काठी गळून पडली. "डाक्टर..."

मोटारसायकल तिथंच टाकून, कानावरचं रक्त पुसत रत्नदीप चालू लागला. तो उसाआड दिसेनासा होईपर्यंत साळुबाई बघत राहिली. नवऱ्याकडे तिनं मान वळवली नाही.