तीन नंबरचा शिकारी

कडूबांची तीस वर्षं गौताळ्याच्या जंगलात गेली. वनमजूर म्हणून लागले आणि वनमजूर म्हणूनच रिटायर झाले. मधल्या काळात वणवे विझवले, पाणवठे उकरले, सागाची चोरटी लाकडं वाहणाऱ्या बैलगाड्या आडवल्या. एकदा अस्वलानं दंडाचा लचका तोडला, त्याचा वण अजून आहे. पण अजिंठ्याकडचा कुणी जुना माणूस हर्सूलच्या बाजारात भेटला तर यातलं काही विचारत नाही. तो लांबूनच हाळी देतो, "काय तीन नंबर, बरं हाय ना?" मग कडूबाही हसतात आणि दोघं चहाला बसतात.

हे नाव त्यांना एका सिनेमानं दिलं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. अजिंठ्याच्या डोंगराखाली त्यांचं गाव. कडूबा तेव्हा विशीचा, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. एका सकाळी दोन खटारा गाड्या गावात शिरल्या. त्यातून मुंबईची माणसं उतरली, एक कॅमेरा उतरला आणि शेवटी एक चितळाची हरणी उतरली. पोरंटोरं सोडा, म्हातारी माणसंसुद्धा वेशीवर जमा झाली. डोक्याला हिरवा रुमाल बांधलेला एक उंच माणूस पुढं आला. हा इंद्रजीत, सिनेमाचा डायरेक्टर. त्यानं सांगितलं, की सिनेमाचं नाव 'काले जंगल का पहरेदार'. जनावरांची कातडी विकणारी एक टोळी असते, आणि जंगलात वाढलेला एक बहाद्दर तिचा बंदोबस्त करतो.

आता अडचण अशी, की चैत्र-वैशाखात अजिंठ्याच्या डोंगरात जंगल कुठून आणायचं? सागाचं एक पान झाडावर नव्हतं. सगळा डोंगर खराट्यासारखा. इंद्रजीतनं कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातले गडी कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून सागाच्या खोडांना बांधू लागले. जंगल वाचवायच्या सिनेमासाठी गावातले निम्मे लिंब बोडके झाले. टोळीनं लपवलेली कातडी दाखवायची होती, तर शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून पिवळ्या मखमलीचा तागा आला. मारुतीच्या पारावर बायांना बसवून त्यावर काळे पट्टे ओढून घेतले. कडूबाची बायको वच्छला सगळ्यांत नवी आणि हाताची बारीक, म्हणून पट्ट्यांचं काम म्हाताऱ्यांना आणि बिबट्याचे ठिपके तिला. खरा वाघ परवडणारा नव्हता. पेंढा भरलेला एक वाघ होता, त्याला दोरी बांधून झुडपातून ओढायचे. खरं जनावर म्हणजे एकटी हरणी. तिचं नाव चमेली. तिला सांभाळणारा एक थकलेला मुसलमान चाचा होता, तो तिला हातानं पाव भरवायचा.

टोळीत पाच शिकारी हवे होते आणि मुंबईहून दोनच आले होते. इंद्रजीतनं गर्दीवरून नजर फिरवली, बोट रोखलं. "ए, तू. तू तीन नंबर का शिकारी." कडूबाला काळा सदरा चढवला, ओठावर गोंदानं झुपकेदार मिशी चिकटवली, हातात लाकडी बंदूक दिली. बोलायचं काही नव्हतं. हिरोनं मारलं की पडायचं, एवढंच. आठ दिवसांत कडूबा बावीस वेळा पडला.

खरं तर शिकारी व्हायला त्याला शिकवावं लागलं नाही. त्याचा बाप धोंडिबा निजामाच्या काळात साहेबलोकांच्या शिकारीत हाका घालायला जायचा. डबडी बडवायची, आरडाओरडा करायचा, जनावर बंदुकीच्या तोंडाशी आणायचं. निजाम गेला, साहेब गेले, पण धोंडिबाचा हात राहिला. सायकलच्या ब्रेकच्या तारेचे तो फासे करायचा. ससा, भेकर, कधी चितळ. कडूबा सहा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर फासे लावायला जायचा. संध्याकाळी लावायचे, उजाडता जाऊन बघायचं. त्यात पाप आहे असं कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही कधी वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी फाशाचा प्रसंग होता. मुंबईवाल्यांनी सुताची दोरी आणली होती. इंद्रजीतनं ती बघून फेकून दिली. "ये क्या पायजामे का नाडा है? असली चाहिए, असली!"

कडूबा पुढं झाला. "साहेब, आमच्या घरी हाय."

घरी जाऊन बापाचा फासा त्यानं आणला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात बापानं शिकवला होता तसाच लावला, वर पाचोळा टाकला. ठरलं असं होतं, की चाचा चमेलीला फाशाजवळ आणून उभी करील आणि तिथंच शॉट संपेल. पुढचं सगळं हिरोच्या तोंडावर दाखवायचं. पण कुणीतरी बार काढायची घाई केली. खोटाच बार, पण आवाज खरा. चमेली उधळली, हवेत उडाली, आणि खाली आली ती पुढचा पाय फाशात घालूनच.

आणि ती ओरडली.

फाशाची तार अशी, की जनावर जितकं ओढील तितकी आत रुतते. चमेली ओढत होती. पायातून रक्त निघालं. चाचा मटकन खाली बसला, हिरो खडकावर चढला, सगळे एकमेकांच्या नावानं ओरडू लागले. कडूबा जागच्या जागी उभा होता. इतक्या वर्षांत त्यानं फाशातलं जनावर किती वेळा सोडवलं होतं, पण ते नेहमी सकाळी, गार झालेलं. जिवंत जनावर फाशात कसं ओरडतं, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

मग लाकडी बंदूक टाकून तो पळाला. डोक्याचा रुमाल सोडून त्यानं हरणीच्या डोळ्यांवर टाकला, अंगानं तिला दाबून धरलं आणि तार उलटी सरकवायला लागला. तारेनं त्याची बोटं कापली. तिच्या छातीची धडधड त्याच्या पोटाला लागत होती. "थांब गं माय, थांब," एवढंच तो म्हणत होता. तार सुटली तेव्हा सगळे गप्प झाले होते आणि एकच बारीक आवाज चालू होता. कॅमेऱ्याचा.

इंद्रजीतनं कॅमेरा थांबवलाच नव्हता. नंतर जवळ येऊन त्यानं कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. "ये रहेगा पिक्चर में," एवढं बोलून तो वळला.

त्या सांजेला कडूबानं फासा घरी नेला नाही. वाटेतल्या पडक्या विहिरीत टाकला.

"फासा कुठं हाय?" बापानं विचारलं.

"तुटला."

"ब्रेकची तार तुटती व्हय रं?"

कडूबानं मान खाली घातली. "बा, मी आता येनार नाय फासे लावायला."

धोंडिबा पुढं दोन महिने त्याच्याशी बोलला नाही.

सिनेमा लागायला दोन वर्षं गेली. अजिंठ्याला बाजाराच्या दिवशी टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि अख्खा गाव बैलगाड्या जुंपून निघाला. घरच्या बायांना मात्र धोंडिबानं दम भरला, "आपल्या घरच्या बायकानी तंबूत बसायचं नाय." वच्छला दारात उभी राहून गाड्या जाताना बघत होती. तंबूत कडूबा बापाच्या शेजारी मातीवर बसला होता. तो पडद्यावर दिसला की गाव शिट्ट्या मारायचं आणि तो पडला की हसायचं. मग चमेलीचा प्रसंग आला. टोळीतला तीन नंबरचा शिकारी स्वतःच लावलेल्या फाशातून हरणीला सोडवतो, याला गोष्टीत काही कारणच नव्हतं. त्याच्याआधी आणि नंतर तो दुष्टच होता. तरी तंबूत कुणी विचारलं नाही, का सोडवलं.

परत येताना गाडीत धोंडिबा बराच वेळ बिडी ओढत होता. मग म्हणाला, "हरनी लई वरडली रं."

पण माणूस असा एका सिनेमानं बदलत नाही. कडूबा पुढं जंगल खात्यात लागला, त्याच हिवाळ्यात साहेबानं त्याला अजिंठ्याच्या बाजूला गस्तीवर पाठवलं. पाणवठ्याच्या वाटेवर त्याला एक फासा सापडला. त्यानं गाठ बघितली. दुहेरी पीळ देऊन शेवट आत खोचलेला. अशी गाठ त्या पंचक्रोशीत एकच माणूस मारत होता. फासा रिकामा होता, कुणाला सांगायचं कारण नव्हतं. त्यानं तो खिशात घातला, गावाकडं गेला आणि बाप जेवायला बसला होता त्याच्या ताटाशेजारी ठेवला. अंगात खाकी होती.

धोंडिबानं फाशाकडं बघितलं, मग पोराच्या खाकीकडं. "साहेबाला दावला?"

"नाय."

"मग दाव. नोकरी हाय तुझी."

"बा, दुसऱ्यांदा सापडला तर दावीन."

दुसऱ्यांदा सापडला नाही. धोंडिबा त्यानंतर अकरा वर्षं जगला. शेवटी शेवटी कडूबा सुट्टीवर आला की तो विचारायचा, "यंदा चितळं किती दिसली?" आणि आकडा ऐकून मान हलवायचा.

एवढी सगळी गोष्ट वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल, त्याला गणती नाही. तंबूतलं मात्र कडूबा त्यांना नेहमी जास्त रंगवून सांगायचे. आपण एकटेच बघून आलो आणि हिला दारात ठेवून गेलो, ही टोचणी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. सिनेमा पुन्हा कुठं लागला नाही. नव्वद साली ते कन्नड, सिल्लोड, पार भुसावळपर्यंत व्हिडिओ कॅसेटवाल्यांकडं चौकशी करून आले. कुणी नावही ऐकलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी नात अपेक्षा नाचतच खोलीत आली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "आजोबा, तुमचा पिक्चर सापडला! कुणीतरी यूट्यूबवर टाकलाय!"

टीव्हीला जोडून तिनं तो लावला. चित्रावर पावसासारख्या रेघा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण डोंगर तोच होता. लिंबाच्या डहाळ्या बांधलेले साग दिसले तशा वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कातडी दिसल्यावर त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. "ह्ये ठिपके माजे. बघ अपेक्षा, किती गोल काढलेत." काळ्या सदऱ्यातला, काडीसारखा हडकुळा आजोबा बघून अपेक्षा किंचाळली. कडूबा सारखे म्हणत होते, "थांब, पुढं हाय. खरं पुढं हाय."

ओढ्याचं कोरडं पात्र आलं. पाचोळा आला. चमेली आली. बंदुकीचा बार झाला, चित्र एकदा हललं, आणि पुढच्या क्षणी हिरो-हिरॉईन धबधब्याखाली गाणं म्हणत होते.

अपेक्षानं मागं घेऊन लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तेवढी फिल्मच कुठंतरी तुटली होती.

कडूबांचा चेहरा पडला. ते उठून खिडकीशी गेले. "जाऊ दे," ते म्हणाले. "हिनं कवाच बघितलं नाय, आन् आता ते नशिबातच नाय."

वच्छलाबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "मी बघितलंय ते."

"कुठं?"

"माहेरी. अजिंठ्याचा तंबू पुढच्या आठवड्यात फर्दापूरला गेला व्हता. मी आयच्या दुखन्याचं निमित्त करून गेले न्हाय का? वहिनीसंगं बसले. दोनदा बघितलं."

कडूबा त्यांच्याकडं वळले. "अन् शेहेचाळीस वर्षं बोलली नाय?"

"आधी मामंजींचं भ्याव व्हतं. मंग तुमी सांगायला लागलात." त्या पुन्हा सुपारी कातरू लागल्या. "बघितलंय म्हनले असते, तर तुमी सांगायचं बंद केलं असतं. मला ते तुमच्या तोंडून आयकाया गोड वाटायचं."

अपेक्षा एकदा आजीकडं, एकदा आजोबांकडं बघत होती. "मग आजी, तूच सांग ना. कसं होतं?"

आणि वच्छलाबाईंनी सांगितलं. नवऱ्यानं कधीच न सांगितलेली गोष्ट त्यांनी आधी सांगितली, की हरणी सोडवायच्या धांदलीत त्यांची अर्धी मिशी सुटून गालावर लोंबत होती आणि फर्दापूरच्या बाया आधी त्यालाच हसल्या. मग त्यांनी सुपारी खाली ठेवली. "तोंड असं झालं व्हतं यांचं," म्हणत त्यांनी ओठ घट्ट मिटून दाखवले, "जसं लेकरू पहिल्यांदा रडाया लागायच्या आधी करतं. वहिनी मला म्हनली, वच्छे, तुजा नवरा लई चांगला दिसतुया. मी म्हनलं, हाय."

कडूबा पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अपेक्षानं त्या व्हिडिओखाली मराठीत लिहून टाकलं, की इथं एक प्रसंग कापला गेलाय आणि त्यात असं असं घडतं. बारा-पंधरा दिवसांनी बुलढाण्याच्या एका रिटायर मास्तरांचं उत्तर आलं. त्यांनी लहानपणी हा सिनेमा मेहकरच्या यात्रेत बघितला होता. सिनेमा विसरले, पण हरणी सोडवणारा तो शिकारी आठवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली विचारलं होतं, त्या हरणीचं पुढं काय झालं?

कडूबांनी उत्तर दोनदा वाचून घेतलं. मग ओसरीत खुर्चीवर बसून बराच विचार केला.

"लिही," ते म्हणाले. "पुढचं मला ठाऊक नाय. पन मुंबईची मंडळी निघाली त्या दिवशी तिच्या पायाला मी हळद बांधली व्हती. चाचा तिला उचलून घ्यायला गेला, तर तिनं घेऊ दिलं नाय. लंगडत का व्हईना, फळीवरून गाडीत आपली आपन चढली."