हॉथमचा बर्फ आणि सात नंबरची पिशवी

पुण्याच्या माणसाला धरण किती टक्के भरलं ते कळलं की बरं वाटतं. भरलेलं असो नसो, आकडा हवा. मेलबर्नमध्ये दुष्काळाची ती वर्षं चालू होती, तेव्हा रस्त्यावरच्या मोठ्या पाट्यांवर धरणांचा टक्का झळकायचा आणि मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटायचं. फक्त टक्का चढत नव्हता.

पाणी आटत होतं आणि विद्यार्थी वाढत होते. आमच्या क्लेटन उपनगरात लोक गॅरेजला पडदा लावून त्याला स्टुडिओ म्हणू लागले होते. आमच्या मागच्या खोलीत अनघा राहायची. बाकीची मुलं पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहता यावं म्हणून, अकाउंटिंग नाहीतर केस कापायला शिकत होती. ही साताऱ्याहून आली होती, बर्फात पाणी किती असतं ते शिकायला. साताऱ्यात या विद्येला काय मागणी आहे, असं मी तिला विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण तिने उत्तर दिलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस तिला माउंट हॉथम डोंगरावर, खुणेचे खांब रोवलेल्या दहा ठिकाणी बर्फ मोजायचा होता. युनिव्हर्सिटीचा नियम असा, की डोंगरावर एकटीने जायचं नाही. गाडीवाल्या मित्राला ऐनवेळी शिफ्ट लागली. हा हिवाळा हुकला तर प्रबंध अडकणार, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत व्हिसा नव्हता. तिने स्वयंपाकघरात येऊन हे सांगितलं. श्रीकांत, म्हणजे आमचे हे, लगेच म्हणाले, आपण जाऊ की. त्यांना गाडी चालवायला कारण लागत नाही.

शनिवारी पहाटे निघालो. जाणाऱ्यांसाठी: ह्यूम हायवेने वँगरॅटापर्यंत सरळ, मग उजवीकडे ब्राइट. चार तास धरा, आमच्यासारखं दशम्या खायला थांबलात तर पाच. चाकांच्या साखळ्या ब्राइटलाच भाड्याने घ्या, वर जाताना गाडीत असाव्याच लागतात. पुढच्या चाकांना लावायच्या की मागच्या, हे दुकानातच विचारा. आम्ही वर जाऊन भांडलो.

साखळ्या देणारी बाई खुशीत होती. असा सुंदर बर्फ तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हटलं, चला, पाण्याची चिंता मिटली. मागे एक म्हातारा शेतकरी उभा होता. तो म्हणाला, बर्फ ठीक आहे, पण जमीन इतकी कोरडी आहे की आधी तीच पिऊन घेईल, नदीला उरलंसुरलं. मग त्याने आम्ही कुठले ते विचारलं, आणि मेलबर्न म्हटल्यावर आमच्या गाडीकडे असं पाहिलं, जणू त्यांचं पाणी पळवायला डिकीत पाइप लपवलाय.

मोटेलवर मी अनघाला विचारलं, दोघांतलं खरं कोण? ती म्हणाली, दोघंही. कमरेइतका बर्फ वितळला तर पाणी पोटरीपर्यंत येतं, भुसभुशीत असेल तर घोट्यापर्यंत. म्हणून उंची बघायची नाही, वजन करायचं. मी म्हटलं, ते असू दे, आपल्या नळाला किती येईल? तिने शांतपणे सांगितलं, की इथलं पाणी मेलबर्नला येतच नाही. काही उत्तरेला मरी नदीला जातं, काही दक्षिणेला गिप्सलँडकडे उतरतं. मी पाच तास जे पाणी बघायला आले होते ते माझं नव्हतंच.

रविवारी वर पोचलो. वर जायला प्रवेश फी आहे, ती आधी विचारून ठेवा. काम सोपं दिसतं. ॲल्युमिनियमची लांब नळी जमिनीला टेकेपर्यंत बर्फात खुपसायची, वर काढायची, आतला बर्फ नंबर घातलेल्या पिशवीत ओतायचा. वाऱ्यात काटा नाचतो, म्हणून वजन गाडीपाशी. दहा पिशव्या आणेपर्यंत दुपार झाली आणि नवा बर्फ पडायला लागला.

अनघा डिकीच्या एका बाजूला वजन करत होती, मी समोर. ती म्हणाली, डावीकडच्या झाल्या, त्या फेकल्या तरी चालतील. आता सांगा, मेलबर्नहून बर्फ बघायला येणारी मराठी बाई कोकम सरबताची बाटली आणणार नाही का? मी माझ्या डावीकडची पिशवी उचलली. श्रीकांतना गोळा करून दिला, मी घेतला. फार छान लागला. अनघा म्हणाली, “काकू, सात नंबर कुठंय?”

तिचं डावं ते माझं उजवं होतं.

श्रीकांत इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, उरलेल्याचं वजन करू, गोळे मिळवू, कोकम वजा करू. “किती घातलंस?”

“चवीपुरतं,” मी म्हटलं.

परत सातव्या खांबापर्यंत जायचं तर समोरचं दिसत नव्हतं. रस्ता सांभाळणारा माणूस येऊन सांगून गेला, साखळ्या लावा आणि उतरा. शिवाय आता त्या जागी नवा बर्फ साठला होता, सकाळचा आकडा काही परत मिळणार नव्हता. मी अनघाला हळूच म्हटलं, सहा आणि आठच्या मधला आकडा टाक, कोण बघतंय?

ती ओरडली नाही, तेच वाईट. “सहा झाडांत आहे, आठ उघड्यावर. सातला काय होतं ते कळत नाही, म्हणून तर तिथे खांब आहे. मधला आकडा टाकायचा असता तर मी क्लेटनमध्येच बसले नसते का?”

खाली उतरून साखळ्या परत केल्या. ब्राइटच्या बेकरीतला व्हॅनिला स्लाइस चांगला असतो म्हणतात. आम्ही तिघांनी तो सात नंबरच्याच विचारात खाल्ला, चव सांगता येणार नाही.

सोमवारी अनघाने सातव्या रकान्यात रेघ मारली आणि कारण लिहून द्यायला मला टेबलाशी बसवलं. मी इंग्रजीत लिहिलं, की नमुना घरमालकिणीने खाल्ला, आणि खाली सही केली. आयुष्यात इतकी लेखी कबुली मी नवऱ्यालाही दिलेली नाही. अनघा तो कागद घेऊन प्रोफेसरांकडे गेली. तीन दिवस घरात चहासुद्धा पाय न वाजवता झाला. चौथ्या दिवशी तिने दारातूनच सांगितलं, नऊ आकड्यांवर प्रबंध चालेल म्हणाले. फक्त तिचा अंदाज आता थोडा सैल झाला होता. कमीतकमी आणि जास्तीतजास्त यांच्यामधली जागा वाढली होती, माझ्यामुळे.

पुढच्या शनिवारी मराठी मंडळाच्या जेवणात सगळ्यांनी घेरलं. तू वर जाऊन आलीस ना, मग सांग, यंदा पाणी आहे की नाही? एरवी मी टक्का सांगून मोकळी झाले असते. या वेळी म्हटलं, नऊ ठिकाणी गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे, त्यातलं नदीला किती पोचेल ते जमीन ठरवेल, आणि एका ठिकाणचं माहीत नाही. लोकांची तोंडं पडली.

“एका ठिकाणचं का माहीत नाही?” कुणीतरी विचारलं.

अनघा पानातला हात थांबवून माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं.