साखरेचा सीन

कुठल्याही क्लासात शिकवलेलं वर्षभरात विसरायला होतं. किस्से मात्र साचत जातात, आणि चार टाळकी जमली की बाहेर पडतात. मुरबाडच्या आमच्या पटकथेच्या क्लासचं तसंच झालंय. माझा शहापूरला फोटो स्टुडिओ. हळदी-लग्नांचे व्हिडिओ काढून कंटाळलो आणि म्हटलं, एक तरी शॉर्ट फिल्म नीट करू. म्हणून दर रविवारी बाइक काढायची आणि मुरबाड गाठायचं.

वाचनालयाच्या माडीवर क्लास. सर कल्याणहून यायचे, मोजकंच बोलायचे. त्यांचा एक नियम भारी कडक होता. आपली स्क्रिप्ट आपण वाचायची नाही. दुसरे वाचणार आणि लिहिणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून ऐकायचं. वाचन चालू असताना मधे जो बोलेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिला महिनाभर चहा मीच पाजला! काय करणार, माझ्या हिरोचे डायलॉग ही मंडळी भाजीचा भाव विचारल्यासारखी वाचायची.

*

म्हसा गावच्या जगदीशने बैलावर लिहिलं होतं. जत्रेत बैल विकला जातो, एवढीच गोष्ट. शेवटी वाक्य होतं, ‘बैलाला मनातून फार वाईट वाटतं.’

सर म्हणाले, "मनातलं कॅमेऱ्याला दिसत नाही. जे दिसतं ते लिहा."

पुढच्या रविवारी जगदीशने सुधारून आणलं, ‘बैल रडतो.’

मी कपाळाला हात लावला. "अरे जगू, शूटिंग मला करायचंय! रिटेक लागला तर बैल परत रडेल काय?"

"नाय रडणार," जगदीश म्हणाला. "आमचा पण एकदाच रडला."



*

वनिताताई टोकावड्याच्या, अंगणवाडी सेविका. त्यांची स्क्रिप्ट आई-मुलीची. आई आजारी, मुलगी तिचं सगळं करते, आणि शेवटी आई जाते. त्यांची खरी आईही घरी आजारीच होती. डॉक्टरांनी स्पष्ट काय ते सांगून टाकलं होतं. वनिताताईंनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं. "भाऊ, फिल्म लवकर करायची. आईने बघितली पायजे."

मी म्हटलं, "तुम्ही लिहून द्या, कॅमेरा तयार आहे."

पण लिहून होईना! दर रविवारी नवा ड्राफ्ट यायचा, आणि त्यातली आई जायच्या ऐवजी नवीनच काम काढून बसायची. एकदा वाल सोलायला बसली, एकदा पापड वाळत घालून आली, एकदा तर थेट म्हसाच्या जत्रेला निघाली.

जगदीश हसून म्हणाला, "ताई, तुमची आई काय मरत नाय!"

वनिताताईही हसल्या. मग पदराने चष्मा पुसायला लागल्या, त्या पुसतच राहिल्या. 

*

त्या स्क्रिप्टमध्ये एक सीन सारखा यायचा. आई म्हणते, "चहात जरा साखर घाल गो." मुलगी म्हणते, "नाय. डॉक्टरांनी बंद केलीय." दोन पानं गेली की पुन्हा तेच. शेवटाकडे पुन्हा.

सरांनी वाचन थांबवलं. "हा सीन एकदाच ठेवा. प्रेक्षक कंटाळेल."

तोवर एकदाही नियम न मोडलेल्या वनिताताई ताडकन बोलल्या, "घरी रोजच येतो, सर! मी काय करू?"

सरांनी हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाले, "वाचन मी थांबवलं. चहा माझा."

सीन तसाच राहिला.

*

शेवटच्या रविवारी वनिताताई आईलाच घेऊन आल्या. "माझ्यावर काय लिवलंय ते ऐकते म्हणाली, ऐकेचना!" मी आणि जगदीशने आजींना खुर्चीत बसवून माडीवर चढवलं. अंगात वजन असं उरलंच नव्हतं.

या वेळी वनिताताईंनी शेवट लिहून आणला होता. आईचं काम वाचायला आलं जगदीशकडे. त्याने घसा साफ केला. "पोरी, तुझ्या मायेचं ऋण घेऊन मी अनंताच्या प्रवासाला निघाले..."

"कोण बोलतं रे असं?" आजी मधेच म्हणाल्या. "मी नाय बोलायची."

सरांनी हळूच विचारलं, "मग काय बोलाल, आई?"

आजींनी लेकीकडे बघितलं. "भात झाकून ठेवलाय. आधी जेव, मंग रड."

वनिताताईंनी जुनी ओळ खोडली आणि ही लिहिली. मला भरून आलं, ते लपवायला मी उगाच ओरडलो, "आजी, मधे बोललात! आता चहा तुमचा!"

"पाजते की," आजी म्हणाल्या. "पण माझ्यात साखर घाला."

आम्ही सगळे वनिताताईंकडे बघायला लागलो. त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि खालच्या चहावाल्याला हाक मारली, "दादा, सगळ्यांना चहा! एकात साखर जास्त!"