रंगनाथ काकांचं नाव ग्रुपमध्ये राहिना

आधीच सांगते, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग येतो. या धाग्यावर बऱ्याच दिवसांपासून मी नुसती वाचते आहे, आणि निम्म्या वेळा वाचून चिडचिडच झाली आहे. कुणाला चिंचेखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या मोटारसायकलवर मागे कुणीतरी येऊन बसतं... अरे, एकाने तरी गाडी थांबवून खाली उतरून बघावं ना. आमच्या सासूबाई अमावास्येला उंबऱ्यावर लिंबू ठेवायच्या, आणि मी ते उचलून सरबत करून प्यायचे. यावरून काय ते ओळखा.

तरी लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात बदनापूरला एका लग्नात माझीच गोष्ट मला कुणीतरी सांगितली. म्हणे जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मेलेला माणूस कॉम्प्युटरमधून बोलायला लागला, स्क्रीनवर रक्त आलं, मॅडम बेशुद्ध पडल्या. त्या मॅडम म्हणजे मी. मी आयुष्यात कधी बेशुद्ध पडलेले नाही. रक्त आलं नाही, कुणी बोललंही नाही. जे झालं ते यापेक्षा पुष्कळ साधं होतं आणि म्हणूनच मला ते अजून छळतं.

साल २००३, मे महिना. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला आमची कंपनी होती. नाव सांगणार नाही. खाली लॅब, वर ऑफिस, मागे गोदाम. मी तिथली एकुलती एक कॉम्प्युटरवाली, रोज बदनापूरहून पॅसेंजरने जाऊन-येऊन करायचे. बियाण्याचा प्रत्येक लॉट लॅबमध्ये तपासायचा आणि लॅब इन्चार्जने कॉम्प्युटरवर ‘पास’ केला तरच तो गोदामातून बाहेर पडायचा, अशी पद्धत होती. हे सॉफ्टवेअर हैदराबादच्या एका लहान कंपनीकडून घेतलेलं. लायसन्स महाग, म्हणून मालकांनी मोजकीच घेतली होती.

एक लायसन्स म्हणजे एक खुर्ची समजा. सर्व्हरवर आम्ही ग्रुप केले होते — लॅब, डिस्पॅच, अकाउंट्स. ज्याचं नाव ग्रुपमध्ये त्याला खुर्ची. नाव काढलं की खुर्ची दुसऱ्याला मोकळी. माऊसने एकेक नाव टाकत-काढत बसायला वेळ कुणाला होता? मी काळ्या पडद्यावर चालणाऱ्या कमांडच्या स्क्रिप्ट लिहून ठेवल्या होत्या. सकाळी आल्यावर फाइल चालवली की त्या दिवसाच्या पाळीप्रमाणे नावं आत-बाहेर व्हायची. लॅबच्या ग्रुपला पास-नापास करणारी खुर्ची एकच होती, आणि ती कायम रंगनाथ काकांची.

काका तीर्थपुरीचे. शेती भाऊ बघायचे, हे बी. एस्सी. ॲग्री करून लॅबला लागलेले आणि इथेच केस पांढरे केलेले. आमचं पटायचं, कारण दोघंही तोंडाने फटकळ. त्यांच्या तालुक्यात लोक दुकानात जाऊन आधी विचारायचे, रंगनाथरावने पास केलेलं आहे का, मंगच द्या. काका हे सांगताना उगाच चष्मा पुसायचे.

एप्रिलच्या अवकाळी पावसात गोदामाचे पत्रे उडाले आणि कपाशीच्या बियाण्याचा एक मोठा लॉट भिजला. मालकांचे जावई तेव्हा नुकतेच कारभार बघायला लागले होते — पुण्याहून एमबीए करून आलेले, सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे ‘जावईबापू’ म्हणायचं. त्यांनी ते बियाणं उन्हात वाळवलं, औषध चोळून पुन्हा पिशव्यांत भरलं आणि लॅबमध्ये पाठवलं, पास करा म्हणून. काकांनी उगवण चाचणी लावली. ओल्या कागदात गुंडाळलेलं बियाणं आतच काळं पडलं. उगाच घाई नको म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा लावली आणि लॉट थांबवून ठेवला. तेव्हा सर्व्हर रूममध्ये येऊन मला म्हणाले होते, “ताई, हे बियाणं बिलकुल उगवणार न्हाई. अन् न्हाई उगवलं तं लोकं जावयाच्या बंगल्यावर न्हाई जाणार, माह्या दारात येतील. मला गावात ऱ्हायचंय.”

दुसऱ्या चाचणीचा निकाल लागायच्या आत काका गेले. पहाटे छातीत कळ आली, जालन्याला आणेपर्यंत खेळ संपला होता.

आमच्या ऑफिसात एक न लिहिलेला नियम होता. कुणी गेलं तर तेरावं होईपर्यंत त्याचं नाव कुठूनच काढायचं नाही. दारावरच्या पाटीवरून नाही, टेबलावरून नाही, आणि मी आल्यापासून सर्व्हरवरूनही नाही. मी हे भीतीने पाळत नव्हते. सकाळी माणसाला अग्नी द्यायचा आणि दुपारी त्याचं नाव डिलीट करायचं, हे मला असभ्य वाटायचं. म्हणून काकांचं नाव स्क्रिप्टमध्ये तसंच ठेवलं होतं. पासवर्ड बदलायचा मला अधिकार होता, पण तोही बदलला नाही.

तर त्या आठवड्यात एका दुपारी जावईबापूंनी मला केबिनमध्ये बोलावलं. पंखा फुल, समोर लिंबूपाणी. आधी काकांबद्दल दोन शब्द वाईट वाटल्याचे बोलले. मग म्हणाले की तो थांबलेला लॉट काकांच्याच नावाने पास करून टाका, सर्व्हरचं घड्याळ दोन-चार दिवस मागे घ्या म्हणजे तारीखही जुळेल. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी म्हटलं, काका वारले आहेत. ते म्हणाले, “म्हणूनच तर. तुम्ही लोक तेराव्यापर्यंत नाव ठेवता ना? मग अडचण काय आहे?”

बघा म्हणजे. आम्ही माणुसकीने ठेवलेलं नाव याला सोयीचं वाटलं. बियाणं उगवलं नाही की बोट दाखवायला मेलेला माणूस तयार. तो काय तीर्थपुरीहून उठून खुलासा द्यायला येणार आहे? त्याच्या बायकोच्या दारात लोक येतील, ते येवोत. मी सरळ नाही म्हटलं. आवाज जरा चढलाच असेल, कारण बाहेरची टाइपरायटरवाली थांबली होती.

जावईबापू हसले आणि मालकांच्या तिजोरीतून सर्व्हरच्या पासवर्डचं पाकीट घेऊन आले. स्वतः सर्व्हर रूममध्ये जाऊन बसले, आणि हैदराबादच्या इंजिनिअरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी दाराशी हाताची घडी घालून उभी राहिले. तो बिचारा इंजिनिअर, त्याला यातलं काही माहीत नाही, तो एकेक कमांड सांगत होता. पहिली कमांड लॅब ग्रुपमध्ये कोण आहे ते दाखवणारी.

ग्रुप रिकामा होता.

इथपर्यंत मला भुताबिताचं काही वाटलं नाही, नुसतं आश्चर्य वाटून मी पुढे झाले. सकाळी स्क्रिप्ट मीच चालवली होती. स्क्रिप्टमध्ये काकांचं नाव होतं, मी फाइल उघडून बघितली. ग्रुपमध्ये मात्र नव्हतं. जावईबापूंना वाटलं मीच काढलं. माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, मघाशीच त्यांच्या लिंबूपाण्यात काहीतरी कालवायला हवं होतं. मग त्यांनी नाव टाकायची कमांड दिली. कमांड यशस्वी झाली, असं स्क्रीनवर आलं. पुन्हा ग्रुप बघितला. रिकामा.

पुन्हा टाकलं. यशस्वी. रिकामा. मी हात लावायला जवळ नव्हते. त्यांनी मला बाकी सगळ्या मशीनच्या नेटवर्कच्या वायरी काढायला लावल्या, मी आनंदाने उपटल्या. सर्व्हर एकटा राहिला. पुन्हा टाकलं, पुन्हा यशस्वी, पुन्हा रिकामा. नोंदी उघडल्या तर नाव टाकल्याच्या नोंदी एकाखाली एक सगळ्या होत्या, काढल्याची एकही नव्हती. घड्याळ मागे घेतल्यामुळे गोंधळ झाला असं म्हणाल तर घड्याळाला तोवर कुणी हातच लावलेला नव्हता. फोनवरून इंजिनिअर म्हणाला, “सर, कमांड तो बराबर है. फिर निकाल कौन रहा है?”

मला भीती वाटली का? खरं सांगते, मला मजा वाटली. मेलेल्या माणसाला ओढून ओढून खुर्चीवर बसवत होते आणि तो काही केल्या बसेना. पण हे ‘मजा वाटली’ म्हणून मी झटकून टाकलं असतं. सर्व्हर जुना होता, काहीही होऊ शकतं.

जावईबापूंनी फोन ठेवला आणि घाम पुसला. म्हणाले, मग तुमचं नाव टाकतो, तुम्ही पास करा, नाहीतर उद्यापासून यायची गरज नाही. मी म्हटलं, तुमचंच टाका की. ते म्हणाले, मी लॅबचा नाही. मी म्हटलं, मी तरी कुठे आहे? त्यावर त्यांनी माझंच नाव टाइप केलं. पहिल्या फटक्यात बसलं. ग्रुपमध्ये एकच नाव दिसत होतं, माझं. म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता.

घरी दोन लहान पोरं, नवऱ्याचा पगार चार-चार महिने न होणारा. ही नोकरी गेली असती तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. पण डोकं इतकं फिरलं होतं की ते सगळं आठवलं जिना उतरून झाल्यावर. लॅबमध्ये मंगलताई होत्या, काकांच्या असिस्टंट, पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेल्या. मी विचारलं, दुसऱ्या चाचणीचं काय झालं? त्यांनी कागदाची गुंडाळी उलगडून दाखवली. आत बुरशी होती. वास अजून नाकात आहे.

मी काकांच्या मशीनवरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, वायर परत जोडली, माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने आत गेले. लॉट उघडला. ‘नापास’ निवडलं आणि एंटर दाबलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नापास झालेला लॉट पुन्हा पास होत नाही, ती सोय मालकांनीच पूर्वीच्या कुठल्याशा भानगडीनंतर बंद करून घेतली होती. म्हणजे आता जावईबापू काय, त्यांचे सासरेही काही करू शकत नव्हते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... त्यांना वर जाऊन काय काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले. मागे प्रिंटर करकर करत होता. मंगलताईंनी कागद फाडून घेतला, वाचला आणि खुर्चीवर बसल्या.

“ताई,” त्या म्हणाल्या, “ह्याच्यावर तं काकाचं नाव आलंय.”

मी कागद हिसकावून घेतला. लॉट नापास. तारीख त्याच दिवसाची. तपासणाऱ्याचं नाव, रंगनाथ काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. माझं नाव कुठेच नाही. स्क्रीनवर बघितलं, तिथेही तेच. धावत वर गेले, ग्रुप बघितला. तिथे मी होते. फक्त मी.

आता तुम्ही लिहाल की सॉफ्टवेअरमध्ये जुनं नाव अडकून राहिलं असेल. बाई, बाबा, कोण असाल ते, हा विचार माझ्या मनात तुमच्या आधी आला. मी खोटा लॉट तयार करून त्याच मशीनवर, माझ्याच नावाने पास केला, नापास केला. दरवेळी माझंच नाव छापून आलं. हैदराबादहून माणूस येऊन दोन दिवस बसला आणि डोकं खाजवत परत गेला. सगळ्यांत जास्त राग कसला येतो सांगू? लोक म्हणतात सॉफ्टवेअरने तुमची नोकरी वाचवली. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरसोबत काढली आहेत, ते कुणाचं भलं करत नाही. दुसरा राग काकांवर. मी जीव मुठीत धरून, पोरांची फी डोळ्यांसमोर असताना नापास केलं होतं. नाव माझंच यायला हवं होतं. सर्व्हर रूममध्ये एकटी असताना मी मोठ्याने म्हटलंसुद्धा की काका, हे काही बराबर न्हाई तुमचं.

जावईबापूंनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला परत दिला. मला ओरडले नाहीत, काढलंही नाही. मालकांनी लॉट नष्ट करायला सांगितलं, आणि आजच्या तारखेला काकांचं नाव कसं, हे कधीच कुणाला विचारलं नाही.

तेराव्याला मी आणि मंगलताई तीर्थपुरीला गेलो. मांडवात पंगत बसली होती. काकू आत चुलीपाशी होत्या, मला बघून उठल्या आणि कोपऱ्यात घेऊन गेल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की काकांनी भिजलेलं बियाणं पास केलंय, जाता जाता कंपनीचं भलं करून गेले. त्या रडत नव्हत्या. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“ताई, तुम्ही तिथंच असता म्हणून इचारते. शेवटचा तो लॉट ह्यांनी पास केल्ता का?”

मी म्हटलं, “न्हाई काकू. त्यांनी नापास केला. कागद माझ्याजवळ आहे.”

पर्समधून काढून दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला, दोनदा; तारखेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग पदराने डोळे पुसून बाहेर गेल्या आणि पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगितलं. मी तिथे उभी होते. एंटर मी दाबलं होतं, आणि तरी काकूंना मी खोटं सांगितलं की खरं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.